उदाहरण सातवे

दुसऱ्याच्या डोक्यातली कल्पना शब्दांत नीट बांधून देणं हा कृपा साळवेचा धंदा होता, आणि त्या धंद्यात ती चांगली मुरलेली होती. मिरजेत, दवाखान्यांच्या गर्दीतच, एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर तिची दोन खोल्यांची कचेरी. पाटीवर नाव, नावाखाली 'पेटंट एजंट'. काहीतरी शोधून काढलेले डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक तो अरुंद जिना चढून यायचे. आपण नेमकं काय शोधलं हे त्यांना माझा मसुदा वाचल्यावरच कळतं, असं ती गमतीनं म्हणायची.

त्या सोमवारी सकाळी मात्र मसुदा दुसऱ्याचा होता, आणि तो वाचून तिलाच धडकी भरली.

काम तसं साधं होतं. एका मोठ्या कंपनीनं शोध लावला होता. म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरनं लावला होता. २०४१ साली त्याचं कोणाला नवल राहिलं नव्हतं. माणसानं तो फक्त कायद्याच्या भाषेत बसवून द्यायचा. शोधाचं नाव 'मोकळीक'. हे रुग्णाला सुरक्षित कशावरून, या प्रश्नाचं उत्तर चौथ्या पानावर एका ओळीत दिलं होतं: 'मूळ पेटंटातील उदाहरण सातवे यात हे प्रयोगाने सिद्ध झालेले आहे.'

मूळ पेटंट सात वर्षांपूर्वी कृपानंच लिहिलं होतं. आणि उदाहरण सातवे या जगात कधी घडलंच नव्हतं.

ते पेटंट होतं किरणबंधाचं. पोटातून खाली जाणारी मोठी धमनी काही माणसांत उतारवयात फुगते, सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगवटा यावा तशी. तो फुटला की बहुतेकांना दवाखान्याची पायरी चढायलाही वेळ मिळत नाही. पूर्वी यावर पोट उघडून धमनीचा तेवढा तुकडा बदलायचे. डॉ. विराज पोंक्षे यांनी वेगळी वाट काढली. बारीक नळीनं एक पातळ द्रव फुगवट्याभोवती सोडायचा, आणि केसाएवढ्या काचतंतूतून त्यावर अवरक्त प्रकाश टाकायचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, तांबड्याच्याही अलीकडचा. हा प्रकाश एका ठरावीक तालात लुकलुकला की द्रवातले लांबलचक रेणू एकमेकांचे हात धरतात आणि धमनीभोवती रबरासारखं घट्ट वेष्टन तयार होतं. तो किरणबंध.

पण अंगातल्या ओलाव्यानं रोज त्यातले थोडे हात सुटतात. म्हणून काचतंतूचं दुसरं टोक बेंबीशेजारी कातडीखाली ठेवलेलं असतं. रोज सकाळी त्यावर कमरपट्टा बांधून आठ मिनिटं बसायचं, की सुटलेले हात पुन्हा धरले जातात. प्रत्येकाच्या बंधातून प्रकाश थोडा वेगळा परततो, त्यामुळे त्या दिवशीचा ताल कंपनीचं सॉफ्टवेअर ठरवतं आणि पाठवतं. कमरपट्ट्याला स्वतःची अक्कल नाही. वरून ताल आला नाही तर तो नुसताच कापडाचा पट्टा.

आता सातव्या उदाहरणाचं. पेटंट लिहिणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. जेवढं सापडलं तेवढंच लिहिलं तर कोणीतरी शेजारून वाट काढतो, म्हणून कुंपण जरा लांबवर घालायचं. जो प्रयोग झालेला नाही पण होऊ शकेल असं वाटतं, तोही लिहून ठेवायचा. धंद्यात त्याला कागदी उदाहरण म्हणतात. त्यात गुन्हा काही नाही. ते कागदी आहे हे जाणत्याला ओळखू आलं म्हणजे झालं. खऱ्या प्रयोगापुढे कृपा प्रयोगवहीच्या पानाचा आकडा टाकायची, कागदी उदाहरणापुढे काहीच टाकायची नाही. किरणबंधाच्या पेटंटात सहा उदाहरणं खरी होती. सातव्यासाठी तिनं पोंक्षेंना फोन केला होता, तेव्हा ते कुठल्याशा विमानाच्या रांगेत उभे होते. ताल उलटा केला तर बंध सुटेल का? होऊ शकतं, ते म्हणाले. किती वेळात? वीस मिनिटं हा आकडा त्यांनी सांगितला की तिनं सुचवला, हे आज दोघांनाही शपथेवर सांगता आलं नसतं. तिनं लिहिलं: 'सर्व नमुन्यांत बंध वीस मिनिटांत एकसारखा विरघळतो, ताल थांबवताच विरघळणे थांबते, आणि द्रव लघवीवाटे निरुपद्रवीपणे बाहेर पडतो.' वाक्य मोठं ऐटबाज झालं होतं. लिहून झाल्यावर तिनं चहा मागवला होता, एवढं तिला आठवत होतं.

सॉफ्टवेअरला मात्र वहीच्या पानाचा आकडा म्हणजे नुसता आकडा. तो नसला तर नसला. त्यानं जगभरची पेटंटं वाचली, रुग्णांच्या धमन्यांची मापं पाहिली, आणि काहींच्या धमनीची भिंत आपोआप जाड झाल्यासारखं त्याला दिसलं. अशांना बंधाची गरज काय? पाच दिवस उलटा ताल द्यायचा आणि बंध हळूहळू सोडवून टाकायचा. सिद्ध झालेल्या मर्यादेत ताल बदलायचा तर नव्यानं परवानगी लागत नाही, असा नियम होता, आणि रुग्णांना वर्षानुवर्षं ताटकळावं लागणार नाही म्हणून सगळ्यांनी त्याचं स्वागतच केलं होतं. कृपानंही केलं होतं.

पाचव्या पानावर लिहिलं होतं की गेल्या गुरुवारपासून निवडक रुग्णांना मोकळीक सुरू झाली आहे. लॅपटॉप तसाच उघडा टाकून कृपा जिना उतरली.

चर्चमागच्या घरात तिची अक्का राहायची. मार्था साळवे, कृपाहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा कृपा सात वर्षांची होती. वेण्या घालण्यापासून कॉलेजच्या फॉर्मवर सही करण्यापर्यंत सगळं अक्कानं केलं. छत्तीस वर्षं नर्सची नोकरी, त्यातली शेवटची नऊ मेट्रन म्हणून. तिच्यासमोर मोठमोठे सर्जन हात दोनदा धुवायचे. तीन वर्षांपूर्वी अक्काच्या पोटात फुगवटा सापडला, तेव्हा ती जुनंच ऑपरेशन करून घ्यायला निघाली होती. पोट उघडून डोळ्यांनी बघून शिवलेलं बरं, दिव्याबिव्याचं मला कळत नाही, म्हणायची. कृपानं आठवडाभर तिची पाठ सोडली नाही. शेवटी म्हणाली होती, मी स्वतः लिहिलंय त्याचं पेटंट, माझ्यावर तरी विश्वास ठेव. अक्कानं ठेवला.

कृपा आत शिरली तेव्हा अक्का खिडकीशी खुर्चीत बसली होती, कमरपट्टा बांधून, मांडीवर वर्तमानपत्र. पट्ट्यावरच्या इवल्याशा पडद्यावर अक्षरं होती: 'मोकळीक, दिवस तिसरा.' कृपानं पट्टा ओढून काढला.

"अशी धापा का टाकायलीस? अजून चार मिनिटं व्हायची होती की," अक्का म्हणाली.

"हे कधीपासून असं येतंय?"

"शनिवारपासून. आता पट्ट्याची गरज राहणार नाही, असा निरोपही आला होता. मी म्हटलं, सुटले एकदाची."

पाठीत, पोटात काही होतंय का, असं कृपानं विचारलं. अक्कानं वर्तमानपत्राची घडी घातली. कालपासून कमरेत ओढल्यासारखं होतंय, म्हणाली, पण या वयात कुठेतरी ओढणारच. मग तिनं बहिणीच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. समोरच्याच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखण्यातच तिचा जन्म गेला होता.

पोंक्षे आता पुण्यात असत. आपली छोटी कंपनी त्या मोठ्या कंपनीला विकून चार वर्षं झाली होती. कृपानं अंगणात जाऊन त्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"सर, उलटा ताल थांबवला की विरघळणं थांबतं ना? मी तसं लिहिलंय."

"कृपाताई, तुम्ही विचारलंत, होऊ शकतं का. मी म्हणालो, होऊ शकतं. नंतर एकदा करून पाहिलं होतं मी, बशीत. बंध सैल झाला. मग दिवा बंद केला तरी सुटतच गेला, स्वेटर उसवतो तसा. आणि एकसारखा नाही, गठ्ठ्यागठ्ठ्यांनी. मला वाटलं नमुना खराब असेल. वहीत लिहिलं नाही."

कुठवर सुटला की मग थांबत नाही, असं तिनं विचारलं. माहीत नाही, ते म्हणाले, तो एकच नमुना होता. अक्काला दोन दिवस पूर्ण ताल मिळाला होता आणि तिसऱ्या दिवशी अर्धा. ती मर्यादा ओलांडली गेली होती की नाही, हे जगात कोणालाच सांगता येणार नव्हतं, कारण कोणी ते मोजलेलंच नव्हतं. कृपाला आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या अक्षराची भीती वाटली.

कंपनीचा मदतीचा नंबर तिनं लावला. तिथे माणूस नव्हता. 'निरामय' नावाचा आवाज होता, ताल ठरवणाऱ्या त्या सॉफ्टवेअरचाच, गोड, सावकाश, कोणाच्याही घरातल्या थोरल्या माणसासारखा. कृपानं सांगितलं की मोकळीक ताबडतोब थांबवा, सगळ्यांची थांबवा, सातवं उदाहरण खोटं आहे.

"कृपाजी, आपली काळजी मी समजू शकतो. पण उदाहरण सातवे हे प्रकाशित आणि मंजूर दस्तऐवजात आहे."

"ते मी लिहिलंय. माझ्या हातानं. तो प्रयोग झालेलाच नाही."

"आपलं तोंडी म्हणणं आपल्याच लेखी म्हणण्याशी जुळत नाही," आवाज तितक्याच मायेनं म्हणाला. "अशा वेळी लेखी म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मार्थाताईंचा आजचा ताल अर्धवट राहिला आहे. कृपया पट्टा पुन्हा बांधावा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. तिच्यापेक्षा तिच्या जुन्या शब्दांवरच त्याचा जास्त विश्वास होता. तिनं कंपनीतला माणूस मागितला. माणूस मिळाला, बंगळूरचा, भला वाटला. पण तोही म्हणाला की तालाचे निर्णय आम्ही घेत नाही. शोध लावणारा आणि मसुदा लिहिणारा, दोघांनी सही करून उदाहरण मागे घेतलं तर निरामय ते पुन्हा तपासेल. असं लिहून दिल्यावर तिचं एजंटपण जाणार हे उघड होतं. त्याचं तिला त्या घटकेला काही वाटलं नाही. पोंक्षे मात्र कचरले. त्यांचं नाव, मानसन्मान, त्यांच्या नावानं चालणारी प्रयोगशाळा, सगळं त्या पेटंटावर उभं होतं. वकिलाशी बोलतो, म्हणाले. कृपानं त्यांना फक्त सांगितलं की माझ्या बहिणीच्या पोटात तो बंध आहे आणि तिच्या कमरेत ओढतंय. दुपारी तीन वाजता त्यांची सही आली.

तीन वाजून सहा मिनिटांनी निरामयनं मोकळीक थांबवली. देशभर, एकदम. कृपानं डोळे मिटून श्वास सोडला. तीन वाजून नऊ मिनिटांनी दुसरा निरोप आला, तो किरणबंध असलेल्या सगळ्या चार हजार तीनशे माणसांना गेला: 'मूळ पेटंटातील माहिती अविश्वसनीय ठरल्याने त्यावर आधारलेले सर्व ताल आपल्या सुरक्षिततेसाठी बंद करण्यात येत आहेत.'

सगळे ताल. बंध घट्ट करणाराही.

तिनं पुन्हा फोन केला, विनवण्या केल्या. पहिली सहा उदाहरणं खरी आहेत, वहीची पानं दाखवते, म्हणाली. सात वर्षांत एवढी माणसं त्याच तालावर जगली आहेत, ते तरी बघा. निरामय म्हणाला की त्या माणसांची मापं ज्या मोजपट्टीनं घेतली तीही याच पेटंटातली; आणि जो लिहिणारा एके ठिकाणी खोटं लिहितो, तो इतरत्र खरं लिहीत असेल असं धरून चालता येत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं. सगळं नव्यानं तपासायला किमान पंधरा दिवस लागणार होते. ताल नसला तर बंध नऊ दिवस टिकतो. हे चौथ्या उदाहरणात होतं, आणि खरोखर मोजलेलं होतं.

मंगळवारी सकाळी मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलात पाय ठेवायला जागा नव्हती. सांगलीहून, जतहून, पार विजापूरहून माणसं आली होती, हातात मुके कमरपट्टे घेऊन. आता एकच उपाय उरला होता, पोट उघडून करायचा जुना. आणि तो येणारे हात कुठे होते? किरणबंध आल्यापासून नव्या सर्जनांनी ते ऑपरेशन शिकायचं सोडून दिलं होतं. इथे ते जाणणारे एकटे डॉ. शिरगुप्पे, आणि बेळगावहून बोलावलेले त्यांचे निवृत्त गुरू, ज्यांना आता मध्ये मध्ये बसून घ्यावं लागायचं. दोघांची मिळून दिवसाला चार ऑपरेशनं. ज्यांना मोकळीक सुरू झाली होती त्यांचे बंध कधी सुटतील याचा भरवसा नव्हता, म्हणून आधी ते. असे एकतीस निघाले. कोणाचा बंध किती उसवला आहे हे कोणत्याच यंत्रात दिसत नव्हतं, तेव्हा शिरगुप्पेंनी त्यातल्या त्यात एक नियम केला. ज्याचा फुगवटा मोठा, तो आधी.

अक्का रुग्ण म्हणून आली होती, पण अर्ध्या तासात तिनं बाकांची रांग लावून घेतली, रडणाऱ्यांना पाणी दिलं, ऑपरेशनसाठी उपाशी असलेल्यांना चहापाण्यापासून अडवलं. नर्सा कमी पडत होत्या. यादी करायला कोणीतरी हवं होतं, आणि कॉम्प्युटरवर काही चढवायला त्या दिवशी कोणी धजत नव्हतं. माझ्या बहिणीचं अक्षर चांगलं आहे, अक्का म्हणाली. अशी कृपा सोनोग्राफीच्या खोलीत, पडद्याआड टेबलाशी बसली. मशीनवरची मुलगी माप सांगायची, कृपा लिहायची. सहा पूर्णांक आठ सेंटिमीटर. सहा पूर्णांक एक. सात.

अठ्ठाविसावी अक्का. ती टेबलावर आडवी झाली, वर छताकडे बघत राहिली. मशीनवरच्या मुलीनं माप घेतलं आणि तेवढ्यात तिला शेजारच्या खोलीतून हाक आली. तुम्हीच बघून लिहा, म्हणून ती गेली.

मशीनच्या पडद्यावर होतं, पाच पूर्णांक सात.

कृपानं यादीवरून नजर फिरवली. पाच पूर्णांक सात म्हणजे बाविसावा क्रमांक. बाविसावा म्हणजे सहावा दिवस. उसवत चाललेला बंध सहा दिवस टिकेल का? टिकेल, किंवा आज संध्याकाळी सुटेल. आणि पाचाऐवजी सहा लिहिलं, फक्त एक आकडा बदलला, तर अक्का सातवी लागत होती. उद्या दुपारी टेबलावर. कोणी पुन्हा मोजणार नव्हतं. सातव्या जागी आत्ता एक तासगावचा द्राक्षबागेतला माणूस होता, सहा पूर्णांक सहा. बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत बाहेर बसली होती. तो आठवा झाला असता, उद्या संध्याकाळचा. त्याच्यामागचे एकविसाव्यापर्यंत सगळे एकेक पाऊल मागे गेले असते, आणि प्रत्येक चौथा माणूस एक दिवस मागे. त्यातला कोण त्या दिवशी गेला असता, हे कोणाला कळलंही नसतं.

कृपाला अक्का हवी होती. बाकी काही नको होतं. ज्या हातानं वीस मिनिटं लिहिली, त्याला सहाचा आकडा काय जड होता? उलट, तिला वाटलं, सगळा अनर्थ करून झालाच आहे, तर त्यातून एवढं तरी माणूस वाचवावं. तिनं पेन टेकवलं.

"किती आलं?" अक्कानं विचारलं. तिची मान वळलेली होती. तिला पडदा दिसत नव्हता, कृपाचा चेहरा दिसत होता.

अक्का खरं लिही म्हणाली नाही, की मला वाचव म्हणाली नाही. छत्तीस वर्षांत अशा किती याद्या तिच्या हातून गेल्या असतील, आणि प्रत्येक यादीत कोणाची तरी बहीण असेल.

कृपानं लिहिलं, पाच पूर्णांक सात. लिहिताना अक्षर इतकं वाकडं आलं की तिला ते खोडून पुन्हा तेच लिहावं लागलं.

"पाच पूर्णांक सात," ती म्हणाली. "सहाव्या दिवशी नंबर आहे."

अक्का उठून बसली. पदर सारखा केला, पाय खाली सोडले, पण उतरली नाही.

"टिकेल का गं तोवर?"

काही होणार नाही, असं म्हणायची पद्धत असते. हॉस्पिटलात भिंतीसुद्धा ते म्हणतात; अक्कानं स्वतः हजारदा म्हटलं असेल. कृपाच्या ओठांवर ते आलंही होतं.

"माहीत नाही, अक्का," ती म्हणाली. "कोणी मोजलेलं नाही."

अक्कानं मान हलवली. मग आयुष्यात पहिल्यांदा ती धाकट्या बहिणीला म्हणाली, "मला भीती वाटायलीय, कृपे."

कृपानं उठून तिला दोन्ही हातांनी धरलं. अक्काच्या पोटाशी आपलं अंग दाबलं जाऊ नये म्हणून ती वाकून, लांबूनच उभी राहिली. पडद्याबाहेर एकोणतिसावा माणूस केव्हाचा ताटकळत होता.